गणपूर्ती

“बाई, डाळ शिजतीय तवर येवढं वाचून द्या.”

केवळाबाईंनी पदराची गाठ सोडून एक कागद माझ्यापुढे धरला. त्यांच्या हाताला हळद होती, ती कागदाच्या कोपऱ्यालाही लागली होती. मधल्या सुट्टीला अजून अर्धा तास होता. चौथीची मुलं वर्गात भागाकार करत होती आणि मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये खिचडीची चव बघायला आले होते.

“कुठून आणलात हा?”

“देवळाच्या भितीला चिटकिवला व्हता. रेश्मीनं वाचला थोडा. गायरान, गायरान लिवलंय म्हणली. म्हणून काढून आणला.”

“अहो, नोटीस अशी काढून आणतात का?”

“मग काय भित उचलून आणू?”

रेश्मा म्हणजे त्यांची धाकटी मुलगी, माझ्याच चौथीत होती. मी हसत हसतच कागद उलगडला. विशेष ग्रामसभेची नोटीस होती. सभा सोमवारी, सकाळी दहा वाजता, शाळेच्या व्हरांड्यात. पहिले तीन विषय नेहमीचे होते. चौथा विषय असा: गावच्या गायरानातली साठ एकर जमीन कंपनीच्या प्रकल्पाला देण्यास ग्रामसभेची हरकत नसल्याचा ठराव करणे.

मी तो विषय दोनदा वाचला. केवळाबाई पळीनं डाळ हलवत होत्या, त्यांचे डोळे मात्र माझ्या तोंडाकडे होते.

“वस्तीबी त्यातच का?” त्यांनी विचारलं.

“गट नंबर तोच आहे.”

“मंजी त्यातच.”

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. हिवरदरा हे गाव तालुक्यापासून अकरा किलोमीटरवर. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. मी रोज सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. गावाच्या पूर्वेला गायरान, त्याच्या एका कडेला अडतीस घरांची वस्ती. दोन पिढ्यांपासूनची. त्या लोकांच्या नावावर जमिनीचा तुकडा नव्हता. गायरानात शेरडं चरायची, पावसाळ्यात थोडी बाजरी-मूग पेरायची आणि बाकीचे दिवस गावातल्या बागायतदारांच्या शेतात मजुरी. केवळाबाई शाळेत खिचडी शिजवत, तेवढंच त्यांच्या घरातलं कायमचं काम.

कंपनी पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या भरणारी होती. गायरानाच्या पोटात पाणी चांगलं आहे, हे तिच्या माणसांनी दोन वर्षांपूर्वीच यंत्रं लावून बघितलं होतं. त्यानंतर आमच्या शाळेला बाक आले. भिंतींना रंग आला. पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. प्रत्येकावर कंपनीचं नाव. तोवर मुलं तरटावर बसत होती. बाक आले त्या दिवशी आभाराचं भाषण मीच केलं होतं आणि ते अगदी मनापासून केलं होतं.

“सभेत मी बोलनार,” केवळाबाई म्हणाल्या. “कोन बोलो न बोलो.”

“काय बोलणार?”

“ते ठरवायलेय. रोज जाळ घालताना म्हणून बघते.”

“आणि वस्तीवरचे बाकीचे?”

त्यांनी पळी पातेल्यावर आपटली. “बाकीचे माना खाली घालून बसत्याल. हात वर करा म्हणलं, की नानाच्या तोंडाकडं बघत्याल. हात वर केला, तर उद्या कामाला कोन बोलवील?”

नाना म्हणजे सरपंच, विश्वंभर नाना. गावात ऊस त्यांचा, ट्रॅक्टर त्यांचे आणि कंपनीच्या रस्त्याला मुरूम टाकायचं कामही त्यांच्याच पुतण्याचं. ग्रामसभेत मतदान हात वर करून होतं. कुणाचा हात वर गेला हे सगळ्या गावाला दिसतं.

त्या दिवशी संध्याकाळी एसटीत बसले तेव्हाही माझ्या डोक्यात तेच हात होते. मी वर्गात दर वर्षी मुलांची ग्रामसभा भरवायची. एक सरपंच, एक ग्रामसेवक, बाकी सगळे मतदार. मुलांना तो खेळ फार आवडायचा. त्यासाठी मी पुस्तकातल्या धड्याशिवाय चार माहितीच्या वह्याही जमवल्या होत्या. घरी जाऊन त्या काढल्या आणि एका चौकटीपाशी थांबले. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर पाहिजेत. याला गणपूर्ती म्हणतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते.

चौकट तिथंच संपत होती. मला त्या रात्री शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर केवळाबाई राखेनं पातेली घासत होत्या. मी त्यांच्यासमोर पालथ्या बादलीवर बसले.

“केवळाबाई, गावात मतदार सातशे चाळीस. त्याचे पंधरा टक्के एकशे अकरा. आणि शंभर त्याहून कमी. म्हणजे सभेला किती माणसं पाहिजेत?”

“मला काय विचारता? पोरींना विचारा.”

“शंभर. मला सांगा, दर सभेला इतकी माणसं येतात का?”

“कुठली येत्यात! माळकरी आन् म्हातारे येत्यात. मग गाडी येती वस्तीवर. चला रे, चला गं, सह्या करा, अंगठे करा. आमी मागं बसतो. च्या बी मिळत न्हाई.”

“आणि या वेळी वस्तीवरून कुणी गेलंच नाही तर?”

त्यांचा हात थांबला.

“तर शंभर भरणार नाहीत,” मी म्हणाले. “शंभर नाहीत तर सभा नाही. सभा नाही तर ठराव नाही. कुणाला हात वर करायला नको, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. घरात बसल्याबद्दल कुणाला कामावरून काढता येत नाही.”

केवळाबाईंनी पातेल्याच्या बुडाला राखेचा आणखी एक हात मारला.

“मंजी काईच करायचं न्हाई?”

“काहीच नाही. घरात बसायचं.”

“ते येतंय आमाला,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. “पन बाई, मला बोलायचं व्हतं.”

“बोलून काय होणार? शंभर माणसांची सभा भरली, तुम्ही एकट्या बोललात आणि नव्वद हात वर गेले, की ठराव झाला. आणि दुसऱ्या दिवशी शाळा समिती खिचडीला दुसरी बाई लावेल. समितीचा अध्यक्ष कोण आहे, माहीत आहे ना?”

“नानाचा साडू.”

“मग?”

“तुमी म्हणता तर बरूबर असंल. तुमी पोरांना शिकीवता.” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “न बोलता कसं थांबंल, येवढंच माझ्या ध्यानात येत न्हाई. पन कायदा तुमाला म्हाईत.”

मी उठले. दारापर्यंत जाऊन परत आले.

“एक करा. वस्तीवर सांगताना माझं नाव घेऊ नका. मी सरकारी नोकर आहे.”

“न्हाई घेत.”

“कुणापाशीच नाही.”

“बाई, एकदा न्हाई म्हणलं मंजी न्हाई. मीच सांगते, मला सुचलं म्हणून. तेवढीच मी बी शानी व्हईन वस्तीत.”

सोमवारी सकाळी व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. टेबलाला चार खुर्च्या. एकीवर नाना, एकीवर ग्रामसेवक, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणायचं, एकीवर कंपनीचे सोनटक्के साहेब. चौथी रिकामी. सोनटक्के साहेब चाळिशीचे, मऊ आवाजाचे. शाळेत आले की मुलांना नावं विचारायचे आणि पुढच्या वेळी त्या नावांनी हाक मारायचे. मला ते आवडत.

सव्वादहा झाले. साडेदहा झाले. मी वर्गात मुलांना शुद्धलेखन घालत होते आणि दर वाक्यानंतर खिडकीतून माणसं मोजत होते. वस्तीवर गाडी गेली ती रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, “नाना, समदी दारं लावून बसलीत. कुणाचं पोट दुखतंय, कुणाची शेळी व्यायलीय.”

“अडतीस घरांत एकदम?” नाना म्हणाले.

सतरंजीवरची माणसं हसली.

त्रेसष्ट. मी तीनदा मोजली. अकरा वाजता भाऊसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, “गणपूर्तीअभावी आजची सभा तहकूब करण्यात येत आहे.” मुलांना मी पुढचं वाक्य सांगितलं तेव्हा माझा आवाज जरा उंच लागला असावा. रेश्मानं वर बघितलं.

मला वाटलं होतं नाना चिडतील. ते चिडले नाहीत. सतरंज्या गुंडाळून होईपर्यंत सोनटक्के साहेबांशी काहीतरी बोलत उभे राहिले आणि मग वर्गाच्या दाराशी आले.

“बाई, तुमच्या खिचडीवालीनं वस्ती घरात बसिवली म्हणं.”

“मला काय माहीत, नाना. मी वर्गात असते.”

“ते खरं. पन हुशार हाय बाई. कंच्या शाळेत शिकली कुणाला ठावं.” ते हसले. “बरं झालं, एका अर्थी.”

एका अर्थी म्हणजे कुठल्या, हे मी विचारलं नाही. हरलेला माणूस असंच बोलतो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई डब्याच्या झाकणात शिरा घेऊन आल्या. वस्तीनं वर्गणी काढून केला होता. “दीर म्हणला, वहिनी, तू सरपंच व्हाय पायजे,” त्या सांगत होत्या. “भानुदास. तो आजवर माझ्याशी धड बोलत नव्हता. म्हातारीकोतारी मला हात लावून बघायल्यात.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “लई वाटतंय बाई तुमचं नाव सांगावं. पन न्हाई सांगत.”

“नकोच सांगू,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा आणि एकदाच मी त्यांना एकेरीत बोलले. आनंदात बोलून गेले.

पुढचा आठवडा असाच गेला. मी वर्गात मुलांची ग्रामसभा भरवली. वीस मुलांपैकी बाराजणांना मुद्दाम बाहेर उभं केलं आणि उरलेल्यांना विचारलं, आता काय होणार? मुलं ओरडली, सभा होणार नाही! मी शाबास म्हणाले.

त्यानंतरच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, दुसरे गुरुजी रजेवर होते. चारी वर्ग मी एकत्र बसवले होते. बाजार तालुक्याला भरायचा. वस्तीवरची माणसं उजाडतानाच शेरडं, दोऱ्या, केरसुण्या घेऊन पायी निघायची ती संध्याकाळी परतायची. साडेदहाच्या सुमाराला व्हरांड्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, कुणी पालक आले असतील. बाहेर बघितलं तर तेच टेबल, तीच माणसं. सतरंजी या वेळी एकच होती.

“भाऊसाहेब, आज काय आहे?”

“तहकूब सभा, बाई.”

“कसली?”

“मागची तहकूब झाली नव्हती का? तीच. आज घ्यायची.”

“पण नोटीस?”

“लावलीय की. पंचायतीच्या फळ्यावर.” पंचायतीचा फळा पंचायतीच्या खोलीत होता आणि त्या खोलीला बहुतेक वेळा कुलूप असे.

मी सतरंजीवरची माणसं मोजली. सतरा.

“गणपूर्ती कुठे आहे?” मी म्हणाले. माझा आवाज शांत होता. वर्गात उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारताना असतो तसा.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, बाई.”

“लागत नाही?”

“नियमच आहे तसा. एकदा माणसं नाही आली म्हणून गावाचं काम किती दिवस अडवायचं? दुसऱ्या खेपेला जेवढी येतील तेवढ्यांवर सभा चालते.”

“मागच्या सभेत तुम्ही हे बोलला नाहीत.”

“कुणी विचारलं नाही.”

नाना खुर्चीतून वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोडसाळपणाही नव्हता. “बाई, खरं सांगू का, वस्तीनं आमचं काम सोपं केलं. शंभर मानूस जमवा, त्यास्नी समजवा, त्यातला एखादा उठून काय तरी बोलनार. त्यापरीस ह्ये झ्याक.”

सोनटक्के साहेबांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला. “मॅडम, नवी वर्गखोली आपण जूनच्या आधी सुरू करतोय. तुम्हाला सांगायचंच होतं.”

टेबलावर ठराव ठेवला होता. भाऊसाहेब तो हातानं लिहीत नव्हते. तो छापून आणलेला होता, चांगल्या जाड कागदावर. सुचवणाऱ्याचं आणि अनुमोदन देणाऱ्याचं नाव घालायला दोन जागा तेवढ्या मोकळ्या होत्या.

मी त्या गावची मतदार नव्हते. सभेत बोलायचा मला अधिकार नव्हता. हे खरं आहे, आणि तेव्हा मी ते स्वतःला दोनदा सांगितलं हेही खरं आहे. मी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि शेडकडे धावत गेले.

केवळाबाई तांदूळ वैरत होत्या.

“केवळाबाई, सभा भरलीय.”

“कंची?”

“तीच. मी चुकले. दुसऱ्यांदा शंभर माणसं लागत नाहीत. सतरा बसलीत, ती ठराव करतायत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रागाची वाट बघत होते. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“समदी बाजाराला गेलीत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“भानुदास बी गेला. मी तेवढी हाय.”

“हो.”

त्यांनी उरलेला तांदूळ वैरला, झाकण ठेवलं, लाकडं मागं ओढली, पदर खोचला आणि निघाल्या. मी त्यांच्यामागून चालत होते. व्हरांड्याशी पोचल्यावर मी वर्गाच्या उंबऱ्यात थांबले. त्या पुढे गेल्या आणि सतरंजीच्या कडेला उभ्या राहिल्या.

“काय केवळाबाई,” नाना म्हणाले, “खिचडी करपंल की.”

“करपू द्या. मला बोलायचंय.”

“बोला की. सभा सगळ्यांची हाय. बसून बोला.”

“उभ्यानंच बोलते.” त्यांनी घसा साफ केला. जाळ घालताना रोज म्हणून बघितलेलं ते भाषण मला ऐकायला मिळेल असं वाटलं. पण त्यांनी आधी सतरंजीवरची माणसं एकेक करून बघितली. आतून चौदाचा पाढा ऐकू येत होता.

“लई पाठ केलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “ते शंभर मानसांपुढं म्हणायचं व्हतं. तुमी येवढे येवढेच. तुमाला समद्यांना वावरं हायत. तुमची जनावरं तुमच्या बांधाला चरत्यात. तुमचं गायरानात काय अडलंय मनून तुमी न्हाई म्हणाल? आन् ज्यांचं अडलंय ते बाजारात गेलेत. त्यांच्या वाट्याचं तुमी कसं ठरिवता, तेवढं मला समजावून सांगा.”

एकानं तंबाखू मळली.

“बरं, ते ऱ्हाऊ द्या. मह्या सासूला गायरानात पुरलंय. मह्या दोन लेकरांनाबी. लिंबाखाली. कंपनीचं कुंपन पडल्यावर मी तिथं दिवा लावाया कुठून जायचं? ते तेवढं कागदावर लिवून घ्या.”

भाऊसाहेबांनी नानांकडे बघितलं. नानांनी सोनटक्के साहेबांकडे. साहेब पुढे वाकले आणि अगदी मनापासून म्हणाले, “मावशी, तुमच्यासाठी वाट सोडू आम्ही. शब्द देतो.”

“शबुद नको. लिवून घ्या.”

“ठराव छापून झालाय,” भाऊसाहेब हळूच म्हणाले. “त्यात आता मजकूर घालता येत नाही.”

“हातानं लिवा की खाली. पेन हाय ना खिशाला?”

दोघंतिघं हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं. केवळाबाईसुद्धा किंचित हसल्या असाव्यात. मग नाना म्हणाले, “चला, ऊन व्हायलंय. ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

सतरा हात.

“विरोधात?”

केवळाबाईंनी हात वर केला. हळदीचा, राखेचा हात. त्यांनी तो बराच वेळ वर ठेवला, भाऊसाहेबांनी आकडा लिहीपर्यंत. मग रजिस्टरमध्ये त्यांची सही घेतली. सही नाही, अंगठा. अठरावं नाव.

त्या वेळात मी उंबऱ्यातून एक पाऊल पुढे टाकून म्हणू शकले असते, की वस्तीला घरात मी बसवलं, त्या सगळ्यांची ठरावाला हरकत आहे, हे कागदावर घ्या. त्यानं ठराव थांबला नसता. पण ते कागदावर आलं असतं.

खिचडी खरंच बुडाला लागली होती. मुलांनी तशीच खाल्ली.

पुढचं सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी एकच गोष्ट सांगायची राहील. जूनमध्ये गायरानाला तारेचं कुंपण पडलं. अडतीस घरांतली अकरा घरं रस्त्याच्या पलीकडे दगडाळ उतारावर गेली, बाकीची कुठं कुठं पांगली. वाट सोडली नाही. नवी खोली झाली, चांगली झाली, मी तिच्यात सहा वर्षं शिकवलं. कारखान्यात गावची नऊ माणसं लागली, त्यात वस्तीवरचा एक, फाटकावर. विहिरींचं पाणी तिसऱ्या वर्षापासून फाल्गुनातच तळाला जाऊ लागलं आणि त्याच कंपनीच्या बाटल्या गावच्या दुकानात विकायला आल्या. केवळाबाईंच्या जागी मार्चमध्ये दुसरी बाई आली. त्या रेश्माला घेऊन कुठंतरी पुण्याकडे बांधकामावर गेल्या. मी पत्ता विचारला होता. त्या म्हणाल्या, पत्ता झाला की कळवीन.

आता ती गोष्ट.

सभेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत वस्तीवरची दहा-पंधरा माणसं शाळेच्या आवारात आली. पुढे भानुदास, केवळाबाईंचा दीर. मुलं ताटं घेऊन ओळीत उभी होती आणि केवळाबाई वाढत होत्या.

“झालं का वहिनी समाधान?” भानुदास म्हणाला. “घरात बसा म्हणली. दारं लावा म्हणली. मला मोठा कायदा कळतो म्हणली.”

केवळाबाई वाढत राहिल्या.

“पन्नास वर्सं कुनी हात लावला नव्हता गायरानाला. हिच्या शहाणपनानं एका आठवड्यात गेलं. आमी सभेला आलो असतो तर निदान बोंब तरी मारली असती!”

“भाऊजी, लेकरं जेवायलीत,” केवळाबाई म्हणाल्या.

“जेवू द्या. आज जेवत्याल, उद्या कुठं बसत्याल?” एक म्हातारी मागून म्हणाली, “नानाकडून काय घेतलंस गं?” त्यावर दोघीतिघींनी तिला गप्प केलं, पण शब्द बाहेर पडून गेला होता. रेश्मा ताट घेऊन ओळीत उभी होती. ती आईकडे बघत होती आणि मधूनच माझ्याकडे.

केवळाबाईंनी मान वर केली. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलाव्यात, असंही वाटलं. त्यांनी फक्त पळी दुसऱ्या हातात घेतली.

मग भानुदास माझ्याकडे वळला. त्याचा आवाज एकदम उतरला. त्यानं डोक्यावरचं फडकंही काढलं.

“बाई, तुमी शिकलेल्या. आमाला काय कळत न्हाई, आमी कुणाच्याबी सांगन्यावर चालतो. तुमीच सांगा, म्हंजे हिला पटंल. असं घरात बसून ठराव थांबतो का?”

सगळी माझ्याकडे बघत होती. वस्तीवरची माणसं, मुलं, वर्गात पाटीवर चुकीचं उत्तर आलं की मी पुसते ते बघायला थांबतात तशी. बदली, नोकरी, नवी खोली, यातलं काहीही त्या वेळी माझ्या मनात नव्हतं. शपथेवर सांगते. नुसतं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं मला येत होतं, तेवढंच आलं.

“नाही,” मी म्हणाले. “थांबत नाही.”

“ऐकलं?” भानुदास म्हणाला.

“ऐकलं की,” केवळाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “बाई सांगायल्यात मंजी खरंच असनार. चुकलं माझं.”

आणि ओळीतल्या पुढच्या मुलाचं ताट त्यांनी हातात घेतलं.